निष्पक्ष, सुलभ, सत्वर : न्यायाधिकरणांचे ब्रीद आणि वास्तव



न्यायव्यवस्थेचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर जिल्हा न्यायालयाचा गजबजलेला व्हरांडा किंवा उच्च न्यायालयाची दगडी वास्तू उभी राहते. परंतु सरकारी कर्मचाऱ्याची बदली व बढती, सैनिकाचे निवृत्तिवेतन, व्यापाऱ्यावरील कराची आकारणी, रेल्वे अपघातात दगावलेल्या प्रवाशाच्या कुटुंबाची नुकसानभरपाई, बँकांची थकलेली कर्जे, बुडालेल्या कंपन्या, नदीत सोडलेले कारखान्याचे सांडपाणी या साऱ्या वादांचा निवाडा आज प्रथमतः न्यायालयात होतच नाही. तो होतो न्यायाधिकरणात. वृत्तपत्रांतून कधी कधी त्याला ‘लवाद’ असेही म्हटले जाते, पण दोहोंत भेद आहे. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी परस्परसंमतीने नेमलेला पंच. न्यायाधिकरण मात्र कायद्याने निर्माण होते, त्याचे सदस्य शासन नेमते आणि त्याचा निर्णय पक्षकारांवर बंधनकारक असतो. प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाचा आयुष्यात केव्हा ना केव्हा या व्यवस्थेशी संबंध येण्याचा संभव असूनही तिच्याविषयी समाजात फारशी चर्चा होत नाही.

आपल्या देशातील सर्वांत जुन्या न्यायाधिकरणांपैकी एक म्हणजे आयकर अपिलीय न्यायाधिकरण. २५ जानेवारी १९४१ रोजी ते स्थापन झाले. या संस्थेचे ब्रीदवाक्य आहे ‘निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय’. न्यायाधिकरण या कल्पनेचा अवघा आशय या चार शब्दांत सामावला आहे. न्याय सत्वर मिळावा, कारण नियमित न्यायालयांवरील भार असह्य आहे. तो सुलभ असावा, कारण सामान्य माणसाला मोठे वकील परवडत नाहीत. परंतु या ब्रीदात पहिले स्थान ‘निष्पक्ष’ या शब्दाला दिले आहे आणि तो क्रम अत्यंत योग्य आहे. निष्पक्षतेविना मिळालेला सत्वर निर्णय म्हणजे केवळ शासनाचा आणखी एक आदेश होय. आजच्या न्यायाधिकरणांच्या दुरवस्थेचे मूळ शोधू गेले, तर ते या पहिल्या शब्दाच्या उपेक्षेतच सापडते.

विशेषज्ञांच्या न्यायाची परंपरा

ज्याला विषय कळतो त्याने वादाचा निवाडा करावा, ही कल्पना भारताला नवी नाही. याज्ञवल्क्य आणि नारद या स्मृतिकारांनी कुल, श्रेणी व पूग किंवा गण अशा न्यायसभांचा निर्देश केला आहे. समान व्यवसाय करणाऱ्यांची संघटना म्हणजे श्रेणी. विणकरांचा वाद विणकामातील जाणत्यांनी सोडवावा आणि सार्थवाहांचा तंटा व्यापारातील जाणत्यांनी, असा त्यामागील विचार होता. वरच्या न्यायसभेकडे दाद मागण्याची वाटही खुली होती आणि राजा सर्वांत शेवटी होता. विशेषज्ञता आणि न्यायबुद्धी यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता.

आधुनिक काळात राज्यसंस्थेची कामे वाढली तसे वादही वाढले. स्वातंत्र्यानंतर शासन हे देशातील सर्वांत मोठे सेवायोजक, सर्वांत मोठे करवसूलदार आणि स्वाभाविकच सर्वांत मोठे पक्षकार बनले. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ‘१४-अ’ हा नवा भाग समाविष्ट झाला आणि त्यातील अनुच्छेद ३२३-अ व ३२३-ब यांनी न्यायाधिकरणांना घटनात्मक आधार दिला. ती वेळ कोणती होती, हे विसरता येणार नाही. देशात आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे नेते कारागृहात होते आणि न्यायालयांचे अधिकार संकुचित करणे हे त्या घटनादुरुस्तीचे उघड सूत्र होते. उच्च न्यायालयांना वगळून वादांचा निकाल लावण्याची सोय त्यात होती. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतील अनेक तरतुदी पुसल्या गेल्या, पण हा भाग टिकला. म्हणजे कामाचा भार हलका करण्याचा सद्हेतू आणि न्यायालयांचा अंकुश सैल करण्याची इच्छा अशा दोन भिन्न प्रेरणा या व्यवस्थेच्या जन्मातच एकत्र आल्या. त्यांचा झगडा आजही चालू आहे.

पन्नास रुपयांची पोस्टल ऑर्डर

१९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’, अस्तित्वात आले. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’, १९९१ साली स्थापन झाले. त्याची खंडपीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. या कायद्याची मूळ रचना पाहिली तर तिच्यात सामान्य कर्मचाऱ्याविषयीची आस्था स्पष्ट दिसते. कॅटच्या १९८७ च्या नियमांनी अर्जाचे शुल्क ठेवले अवघे पन्नास रुपये आणि ते पोस्टल ऑर्डरने भरण्याची मुभा दिली. अर्जदार स्वतः उभा राहून बाजू मांडू शकतो, वकील केलाच पाहिजे असे बंधन नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या काटेकोर चौकटीतून न्यायाधिकरणाला मोकळे ठेवले. कागदपत्रे पाहावीत, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावे आणि निर्णय द्यावा, इतकी ती प्रक्रिया सोपी होती. एका न्यायिक सदस्याबरोबर प्रशासनाचा अनुभव असलेला एक सदस्य बसावा, म्हणजे कायदा आणि कार्यालयीन वास्तव या दोहोंचे ज्ञान एकाच बाकावर येईल, ही योजनाही विचारपूर्वक होती.

याचा लाभ झालाच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने कर्मचाऱ्याचा एका पदावरील सामान्य कालावधी ठरवून दिला. त्याचा भंग करून मध्येच केलेल्या बदल्यांना आव्हान देण्याचे ठिकाण मॅट हेच आहे. एखाद्या तलाठ्याला किंवा पोलीस उपनिरीक्षकाला आपल्या वरिष्ठांच्या आदेशाविरुद्ध दाद मागता येते आणि तो आदेश रद्दही होऊ शकतो, ही लोकशाहीतील लहान गोष्ट नव्हे.

परंतु या मार्गात लवकरच एक पायरी वाढली. १९८६ च्या डिसेंबरमध्ये संपतकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणे ही उच्च न्यायालयांना समर्थ पर्याय असली पाहिजेत, असे म्हणून ती व्यवस्था मान्य केली होती. मात्र १८ मार्च १९९७ रोजी चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने उच्च न्यायालयांचा पुनर्विलोकनाचा अधिकार हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले. न्यायाधिकरणाचा निर्णय उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे तपासला जाईल, असे ठरले. तत्त्व म्हणून हा निकाल योग्यच होता. आणीबाणीतील चूक त्याने दुरुस्त केली. पण व्यवहारात कर्मचाऱ्याचा प्रवास न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय असा तीन टप्प्यांचा झाला. प्रत्येक प्रतिकूल निर्णयाविरुद्ध वर जाण्याची शासकीय खात्यांना सवय असल्याने, जिंकलेल्या कर्मचाऱ्यालाही पुन्हा लढावे लागते. त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. सर्व न्यायाधिकरणांच्या कारभारावर देखरेख करणारी एकच स्वतंत्र यंत्रणा असावी आणि तोपर्यंत विधि मंत्रालयाने ते काम करावे. निकालातील पहिला भाग ताबडतोब लागू झाला. हा दुसरा भाग दशकानुदशके धूळ खात पडला.

रिकाम्या खुर्च्यांचे गणित

विधि आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायाधिकरणांविषयीचा आपला २७२वा अहवाल सादर केला. त्यात दिलेल्या आकडेवारीनुसार आयकर अपिलीय न्यायाधिकरणात सुमारे ९१ हजार, सीमाशुल्क व उत्पादनशुल्काच्या अपिलीय न्यायाधिकरणात सुमारे ९० हजार, कर्जवसुली न्यायाधिकरणांत सुमारे ७८ हजार, रेल्वे दावे न्यायाधिकरणात सुमारे ४५ हजार आणि कॅटमध्ये सुमारे ४४ हजार प्रकरणे प्रलंबित होती. ज्या संस्था विलंबावरचा उपाय म्हणून जन्माला आल्या, त्याच विलंबाची नवी ठाणी बनल्या. कर्जवसुलीचा १९९३ चा कायदा सांगतो की, अर्ज १८० दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा. दिवाळखोरीच्या २०१६ च्या संहितेला २०१९ मध्ये ३३० दिवसांची कमाल मर्यादा जोडली गेली. या मर्यादा कायद्याच्या पुस्तकात आहेत. दैनंदिन कामकाजाच्या यादीत त्यांचा मागमूस क्वचितच दिसतो.

असे का होते? न्यायाधिकरणाचे सदस्य आळशी असतात म्हणून नव्हे. कारण अधिक साधे आहे. पीठ दोन सदस्यांचे असते, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय किंवा तांत्रिक. त्यातील एक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही, की उरलेला सदस्य असूनही पीठ भरत नाही. पन्नास टक्के पद रिक्त झाले, पण काम बहुतांशी थांबले. ज्या प्रकरणांची सुनावणी अर्धी झाली होती, ती नव्या सदस्यापुढे पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागतात. दुसऱ्या शहरातील सदस्याला आठवड्यातून काही दिवस पाठवून वेळ मारून नेली जाते, मग त्या शहरातील काम मागे पडते. त्यातच लघुलेखक आणि प्रबंधक इतर खात्यांतून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात. काम शिकून तयार झाले की त्यांची परत जाण्याची वेळ होते. अशा स्थितीत निकाल तोंडी जाहीर झाला तरी टंकलिखित प्रत हातात पडायला विलंब लागतो. वास्तविक कोणता सदस्य कोणत्या दिवशी निवृत्त होणार, हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. तरीही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशातील न्यायाधिकरणांत दोनशेहून अधिक पदे रिक्त असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाला केंद्र शासनाकडे तीव्र नाराजी व्यक्त करावी लागली.

रिक्त पदांपेक्षाही विलक्षण उदाहरण वस्तू व सेवा कराचे आहे. १ जुलै २०१७ रोजी हा कर देशभर लागू झाला. करआकारणीविरुद्ध पहिले अपील खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आणि दुसरे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अशी रचना कायद्यात होती. परंतु प्रस्तावित पीठात एका न्यायिक सदस्यासमोर दोन तांत्रिक सदस्य ठेवले गेले. न्यायिक सदस्य अल्पमतात राहील अशी रचना चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून ठेवले होते. साहजिकच सप्टेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडले. पहिल्या अध्यक्षांचा शपथविधी मे २०२४ मध्ये झाला आणि न्यायाधिकरणाचा औपचारिक प्रारंभ २४ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत झाला. कर लागू झाल्यापासून आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या काळात इचलकरंजीचा यंत्रमागधारक असो वा जळगावचा व्यापारी, खात्याच्या अधिकाऱ्याने अपील फेटाळल्यावर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत होते. एक तर उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा खर्च सोसायचा, नाही तर न्यायाधिकरण केव्हा तरी उघडेल म्हणून वाट पाहायची. करवसुलीचे दार पहिल्या दिवशी उघडले, दाद मागण्याचे दार मात्र आठ वर्षे बंद राहिले. ही उणीव दूर झाली हे स्वागतार्हच. पण कायदा करताना न्यायालयाचा आधीचा निकाल नीट वाचला असता तर निम्म्याहून अधिक काळ वाचला असता.

प्रतिवादीच्या वाड्यात न्यायसभा

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. समजा, सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावचा जवान पंधरा-सोळा वर्षे सीमेवर काढून शारीरिक व्याधीमुळे सेवेतून बाहेर पडला. ही व्याधी सेवेमुळे जडलेली नाही, असे वैद्यकीय मंडळाने लिहिले आणि त्याचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा अर्ज नाकारला गेला. त्याने दाद कोठे मागावी? २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले, २००९ पासून ते काम करू लागले आणि त्याचे एक पीठ मुंबईतही आहे. तेथे एक निवृत्त न्यायमूर्ती आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी त्याचे म्हणणे ऐकतात. ही सोय चांगलीच आहे.

परंतु या जवानाचा प्रतिवादी कोण? संरक्षण मंत्रालय. आणि या न्यायाधिकरणासाठी आर्थिक तरतूद करणारे, कर्मचारी पुरवणारे, सदस्यांच्या नेमणुकीची धारिका हलवणारे प्रशासकीय मंत्रालय कोणते? तेही संरक्षण मंत्रालयच. रेल्वे दावे न्यायाधिकरणात दावा रेल्वेविरुद्ध असतो आणि त्याचा प्रशासकीय संसार रेल्वे मंत्रालयाकडे असतो. कॅटमध्ये केंद्र शासनाच्या सेवाविषयक आदेशांना आव्हान दिले जाते आणि त्याचे पालक खाते म्हणजे सेवाविषयक नियम करणारा कार्मिक विभागच. याचा अर्थ तेथील सदस्य पक्षपात करतात असा मुळीच नाही. अनेक सदस्यांनी आपल्या पालक मंत्रालयाविरुद्ध निर्भीड निर्णय दिले आहेत. पण न्याय होणे जितके आवश्यक, तितकेच तो निःशंकपणे होताना दिसणेही आवश्यक असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच वाड्यात न्यायसभा भरते आणि दिवाबत्तीचा खर्चही तोच करतो, असे दृश्य दिसल्यावर जवानाच्या मनात विश्वास कसा निर्माण व्हावा?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात याविषयी स्पष्ट शब्दांत मार्गदर्शन केले होते. न्यायाधिकरणांना प्रशासकीय साहाय्य विधि व न्याय मंत्रालयाकडून मिळावे, संबंधित पालक मंत्रालयाकडून न्यायाधिकरणांनी वा त्यांच्या सदस्यांनी सोयी-सवलती मागू नयेत आणि मंत्रालयाने त्या देऊही नयेत, असा त्याचा आशय होता. याच संदर्भात आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचे उदाहरण पुन्हा आठवावे. करदाता आणि अर्थ मंत्रालयाचे आयकर खाते यांच्यातील वाद ते सोडवते, पण ते स्वतः अर्थ मंत्रालयाच्या नव्हे, तर विधि मंत्रालयाच्या अधीन आहे. स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आलेली ही व्यवस्था करदात्यांच्या मनात या संस्थेविषयी जो आदर आहे, त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणजे उपाय अज्ञात नाही. तो आपल्याच देशात, मुंबईत मुख्यालय असलेल्या संस्थेत, अनेक दशके यशस्वीपणे वापरला गेला आहे.

ब्रिटनचा अनुभवही येथे उपयुक्त आहे. तेथेही न्यायाधिकरणे निरनिराळ्या खात्यांच्या छत्राखाली विखुरलेली होती. १९५७ च्या फ्रँक्स समितीने खुलेपणा, न्याय्यता आणि निष्पक्षता ही तीन सूत्रे सांगितली. २००१ मध्ये सर अँड्र्यू लेगॅट यांच्या अहवालाने न्यायाधिकरणे खात्यांपासून वेगळी करण्याची शिफारस केली. २००६ मध्ये त्यांच्यासाठी एकत्रित प्रशासकीय सेवा सुरू झाली, २००७ मध्ये कायदा झाला आणि २००८ पासून दोन पायऱ्यांची एकसंध रचना उभी राहिली. अहवालापासून अंमलबजावणीपर्यंत सात वर्षे लागली. भारतात चंद्रकुमार निकालाला त्याच्या चौपट काळ उलटला.

चार वर्षांचा न्यायाधीश

स्वायत्ततेचा दुसरा आधार म्हणजे कार्यकाल. आयकर अपिलीय न्यायाधिकरणात २०१७ पूर्वी दहा वर्षांचा अनुभव असलेले वकील किंवा सनदी लेखापाल निवडले जात आणि वयाच्या ६२व्या वर्षापर्यंत सेवा करीत. तरुण वयात येऊन, दोन-अडीच दशके एकाच विषयाचा अभ्यास करून ते त्यात निष्णात होत. २०१७ च्या वित्त अधिनियमाने हे चित्र पालटले. नव्या नियमांनी सदस्यांचा कार्यकाल तीन वर्षांवर आणला. नोव्हेंबर २०१९ मध्ये रॉजर मॅथ्यू प्रकरणात ते नियम रद्द झाले. २०२० च्या नियमांत चार वर्षे आली. न्यायालयाने पाच वर्षे करण्यास सांगितले. एप्रिल २०२१ च्या अध्यादेशात पुन्हा चार वर्षे आणि किमान वय ५० अशी अट आली. जुलैमध्ये ती रद्द झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने न्यायाधिकरण सुधारणा अधिनियम संमत केला, तेव्हा त्यात रद्द झालेल्याच तरतुदी पुन्हा अवतरल्या. अखेर १९ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि चार महिन्यांच्या आत राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला.

या वादात शासनाची बाजूच नव्हती असे नाही. धोरण ठरवणे हे लोकनियुक्त संसदेचे काम आहे. सदस्यांच्या सेवाशर्ती न्यायालयाने किती तपशिलात ठरवाव्यात, हा रास्त प्रश्न आहे. न्यायाधिकरणे म्हणजे निवृत्त न्यायमूर्तींची राखीव कुरणे बनू नयेत, ही टीकाही अगदीच निराधार नाही. परंतु व्यवहाराच्या कसोटीवर पाहावे. पन्नाशीला पोचलेला, नावलौकिक कमावलेला वकील चालती वकिली सोडून चार वर्षांसाठी कशाला येईल? चार वर्षांनी तो चौपन्न वर्षांचा होईल; तेव्हा त्याचे अशील दुसरीकडे गेलेले असतील. असा माणूस येत नाही. मग उरतात ते निवृत्त झालेले. आणि जो येतो त्याला फेरनियुक्तीची आशा असेल, तर ती फेरनियुक्ती ज्याच्या हाती त्याच्याविरुद्ध निर्णय देताना त्याच्या लेखणीवर अदृश्य दडपण येते. चार वर्षांतील पहिले वर्ष विषय समजून घेण्यात आणि शेवटचे पुढच्या व्यवस्थेच्या विवंचनेत गेले, तर न्यायदानाला उरतात दोन.

आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कर न्यायाधिकरणाचा कायदा २००५ सालचा. तो २०१४ मध्ये न्यायालयाने रद्द केला. २०१७ व २०२१ चे कायदे नंतरच्या शासनाच्या काळातील. सत्तेवरचे पक्ष बदलले, पण न्यायाधिकरण आपल्या मुठीत ठेवण्याची मंत्रालयांची वृत्ती बदलली नाही. म्हणून हा एका पक्षाविरुद्धचा आरोप नव्हे. नोकरशाहीच्या दीर्घकालीन मनोवृत्तीचा हा प्रश्न आहे. जे शासन आपले मानतो, त्याच्याकडून अपेक्षा अधिक ठेवणे हे तर हितचिंतकाचे कर्तव्यच असते.

उपाय कोणते?

काही ठिकाणी न्यायाधिकरणच मोडीत काढण्याचा मार्ग अवलंबला गेला. २०१९ मध्ये ओडिशा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी आपापली प्रशासकीय न्यायाधिकरणे बंद केली. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ बरखास्त होऊन त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले. ज्या संस्थेची खरोखर गरज उरलेली नाही ती बंद करण्यात वावगे काही नाही. पण खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, काम तुंबू द्यायचे आणि मग संस्था निकामी आहे असे म्हणून तिला टाळे ठोकायचे, याला सुधारणा म्हणता येत नाही. विहिरीतील गाळ उपसण्याऐवजी विहीरच बुजवण्यासारखे ते आहे. प्रकरणे नाहीशी होत नाहीत; ती आधीच वाकलेल्या उच्च न्यायालयाच्या पाठीवर जातात.

खरी सुधारणा करायची तर काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात.

पहिली गोष्ट, राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग हा नावापुरता नसावा. निवड, सेवाशर्ती, कर्मचारी, इमारती आणि निधी हे सारे विषय त्याच्याकडे असावेत आणि पालक मंत्रालयाचा संबंध केवळ पक्षकार म्हणून उरावा. न्यायमूर्ती, विधिज्ञ, विषयतज्ज्ञ आणि प्रशासक या सर्वांना त्यात स्थान असावे.

दुसरी गोष्ट, पद रिक्त होण्यापूर्वी किमान सहा महिने निवडीची प्रक्रिया सुरू व्हावी. विधि आयोगाने ही शिफारस केलेलीच आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही लागत नाही. लागते ती केवळ दिनदर्शिका पाहण्याची शिस्त.

तिसरी गोष्ट, न्यायाधिकरणांचा स्वतःचा कायम कर्मचारीवर्ग असावा. प्रबंधकापासून लघुलेखकापर्यंत प्रशिक्षित माणसे एका न्यायाधिकरणातून दुसऱ्यात बदलून जाऊ शकतील, पण प्रतिवादी खात्यात परतणार नाहीत, अशी सेवा उभारावी.

चौथी गोष्ट, प्रत्येक पीठाने दरमहा किती अर्ज आले, किती निकाली निघाले, सर्वांत जुने प्रकरण किती वर्षांचे आहे आणि निकाल राखून ठेवल्यावर किती दिवसांनी दिला गेला, हे प्रसिद्ध करावे. जेथे पीठ नाही, त्या जिल्ह्यांतील पक्षकारांसाठी दृक्‌श्राव्य सुनावणी ही कृपा न ठरता हक्क ठरावा. गडचिरोलीच्या शिक्षणसेवकाने प्रत्येक तारखेला नागपूर गाठावे, ही अपेक्षा आता कालबाह्य आहे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शासनाच्या स्वतःच्या आचरणाची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक चांगला निर्णय घेतला. वादातील कराची रक्कम ६० लाखांपेक्षा कमी असेल तर सर्वसाधारणपणे खात्याने न्यायाधिकरणात अपील करू नये. उच्च न्यायालयासाठी ही मर्यादा दोन कोटी आणि सर्वोच्च न्यायालयासाठी पाच कोटी ठरली. एका परिपत्रकाने हे साधले. सेवाविषयक आणि निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांतही असाच नियम का नसावा? ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या वा सैनिकांच्या बाजूने निर्णय दिला आहे, त्याच मुद्द्यावर दुसऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नव्याने अर्ज करायला का लावावे? ‘न्यायालयातून आदेश आणा, मग देऊ’ हे कार्यालयांतून सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणजे जबाबदारी टाळण्याची युक्ती आहे. चुकीचा आदेश दुरुस्त करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आणि निष्कारण अपील करणाऱ्याला जाब, अशी व्यवस्था झाली तर न्यायाधिकरणांवरील मोठा भार आपोआप उतरेल.

वकीलवर्गाचाही येथे वाटा आहे. सोपी प्रक्रिया क्लिष्ट करण्यात आणि तहकुबी मागण्यात तो मागे नाही. सुलभ न्यायासाठी निर्माण केलेल्या संस्थेत दिवाणी न्यायालयाच्या साऱ्या सवयी शिरल्या, त्या काही एकट्या शासनाने आणल्या नाहीत.

संस्थेची उभारणी

महाराष्ट्रात निःस्पृह न्यायाचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव ओठावर येतेच. नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवून त्यांनी पुणे सोडले, ही कथा प्रत्येक घरात सांगितली जाते आणि ती सांगितली गेलीच पाहिजे. पण तिच्यातून आणखी एक बोध घ्यावा. रामशास्त्री पद सोडून जाऊ शकले, कारण त्यांना वाड्याकडून कशाचीही अपेक्षा नव्हती. तसे धैर्य लाखात एखाद्याच्या ठायी असते. शेकडो सदस्य नेमायचे असताना प्रत्येक जण रामशास्त्री असेल, असे गृहीत धरून व्यवस्था उभारता येत नाही. सामान्य प्रामाणिक माणसालाही निर्भयपणे निर्णय देता येईल, अशी चौकट त्याच्याभोवती उभी करावी लागते. त्याची नेमणूक, त्याचा कार्यकाल, त्याचे वेतन, त्याचा लघुलेखक आणि त्याच्या कार्यालयाचे छप्पर यांपैकी काहीही प्रतिवादीच्या हाती नसणे, हीच ती चौकट.

समाजानेही या विषयात लक्ष घातले पाहिजे. सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना, माजी सैनिकांचे मेळावे, व्यापारी मंडळे आणि ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते आपापल्या मागण्यांची निवेदने नेहमीच देतात. त्या निवेदनांत आणखी एका ओळीची भर पडावी. आपल्या भागातील न्यायाधिकरणात किती पदे आहेत, त्यांपैकी किती भरलेली आहेत आणि उरलेली केव्हा भरणार, हा प्रश्न प्रत्येक खासदाराला व आमदाराला विचारला जावा. निवृत्तिवेतनाच्या फरकासाठी मॅटच्या पायऱ्या चढणारा वृद्ध कारकून आणि मुंबईच्या पीठापुढे आपली वैद्यकीय कागदपत्रे घेऊन बसलेला जवान हे दोघेही काही दान मागायला आलेले नाहीत. त्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे या राज्याला व राष्ट्राला दिली आहेत. त्यांच्या हयातीत त्यांचा निकाल लागावा आणि तो निःशंक मनाने त्यांना स्वीकारता यावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे आणि ती पूर्ण करणे हे शासन व समाज या दोघांचेही दायित्व आहे.